गुलाबी फोटो आणि साडेआठ हजारांचा ‘सेन्सर’

कॅमेऱ्यातून येणारे सगळे फोटो एकाएकी गुलाबी, हिरवट किंवा पिवळे यायला लागले, तर कॅमेरा उचलून लगेच दुरुस्तीच्या दुकानात जाऊ नका. मी गेले आणि साडेआठ हजार रुपये घालवून बसले. ज्या बिघाडाचे पैसे घेतले, तो बिघाड नव्हताच. मेनूमधलं एक सेटिंग सरकलेलं होतं आणि ते जागेवर आणायला एक बटण पुरतं. माझ्यासारखे छोटी कामं करणारे कितीतरी जण मुंबईत आहेत, म्हणून जे झालं ते सगळं लिहिते आहे.

मी परळला राहते. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या घरांतले कार्यक्रम टिपते: बारसं, डोहाळजेवण, मुंज, हळद. कॅमेरा कॅननचा, सहा वर्षांचा. डिसेंबरात लालबागला एका मुलीची हळद होती. चाळीच्या गच्चीवर मांडव, त्याला गुलाबी झालर. ऊन कडक होतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी फक्त डोळे मिटले नाहीत ना एवढंच बघत होते. रंग थोडे लालसर वाटले, पण झालरीचा उजेड पडत असेल म्हणून सोडून दिलं.

रात्री घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि पोटात गोळा आला. हळदीचा पिवळा नारिंगी झालेला. आजोबांचं पांढरं धोतर फिकट गुलाबी. नवरीच्या हातातला हिरवा चुडा तर राखाडीकडे झुकलेला. मांडवाबाहेर, उघड्या आकाशाखाली काढलेले फोटोही तसेच. म्हणजे दोष झालरीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत पांढरा टॉवेल टांगला आणि फोटो काढत बसले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं हे ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवला, मग डेलाइट, क्लाउडी, टंगस्टन. उजेडाचा तोल बदलायचा, पण गुलाबी छटा प्रत्येक फोटोत तशीच. लेन्स बदलली, कार्ड बदललं, बॅटरी काढून घातली. काही फरक नाही. सगळे व्हाइट बॅलन्स लावून झाले तरी रंग जात नाही, म्हणजे आतलंच काहीतरी गेलं, अशी माझी खात्री झाली. चूक झाली ती इथे. पुढे काय घडलं हे कळायला हा मुद्दा लक्षात ठेवा.

फोर्टात, बोरा बझारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत हे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. सीएसएमटीला उतरून तिथल्याच एका गल्लीतल्या दुकानात गेले. दुकानाचं नाव इथे देत नाही. काउंटरवरचा माणूस मराठी, वयाने माझ्याएवढा, बोलायला अतिशय नम्र. ‘ताई, बसा, पाणी घ्या.’ त्याने कॅमेरा हातात घेतला, काउंटरवरच्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढला, पडदा माझ्याकडे फिरवला. कागद गुलाबी. मग लेन्स काढून आत टॉर्च मारली आणि हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, सेन्सरवरचं कोटिंग उडालंय. समुद्राच्या हवेने होतं. आज गुलाबी दिसतंय, महिनाभरात पूर्ण लाल होईल.’ सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग.

तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये ‘डब्ल्यूबी’च्या पुढे अधिक-उणेचं बारीक चिन्ह पेटलेलं होतं. व्हाइट बॅलन्समध्ये मुद्दाम फेरफार केलेला आहे, असं कॅमेरा स्वतःच त्यातून सांगत असतो. त्याने व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच तो कागद टिपला होता. रोज शंभर कॅमेरे हाताळणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही, यावर माझा विश्वास नाही. मला दिसूनही कळलं नाही.

नवीन सेन्सरचे बारा हजार, ‘तुमच्यासाठी’ साडेआठ. बिल मागितलं तर म्हणाला, ‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल.’ जुना सेन्सर परत मागितला तर, ‘तो कंपनीत जमा होतो.’ कंपनीशी त्याचा काहीएक संबंध नव्हता, दुकानावर तशी पाटीही नव्हती. पण तो ‘ताई ताई’ करत होता, आपल्या भाषेत बोलत होता, आणि मला पुढच्या रविवारी मुंजीचं काम होतं. तीन हजार मोबाइलवरून आगाऊ दिले. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘सेन्सर चेंज झाला, घेऊन जा.’ उरलेले साडेपाच हजार रोख मोजले. फोटो खरोखर स्वच्छ येत होते, कागद पांढरा, रंग जसेच्या तसे. मी त्या माणसाचे आभार मानले.

हळदीवाल्यांचे निम्मे पैसे मी आधीच परत केले होते, ते वेगळंच. सगळे फोटो जेपेगमध्ये काढलेले. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये असते, तर कॉम्प्युटरवर व्हाइट बॅलन्स नव्याने लावून रंग जवळजवळ मूळपदावर आले असते. जेपेगमध्ये चेहऱ्यांचा लाल रंग इतका चढला होता की दुरुस्त करताना त्वचा निस्तेज दिसायला लागली.

फेब्रुवारीत भाचा जेवायला आला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने कॉलेजच्या एका कार्यक्रमासाठी कॅमेरा नेला होता. जेवता जेवता सहज म्हणाला, ‘मावशी, हॉलमध्ये ट्यूबलाइटमुळे सगळं हिरवं येत होतं, म्हणून मी डब्ल्यूबी शिफ्ट मॅजेन्टाकडे ओढली होती. तू नंतर काढलीस ना?’

माझा घास हातातच राहिला. ते सेटिंग मी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. त्याने मेनू उघडून दाखवलं: एक चौकोनी जाळी, मधोमध ठिपका. आडव्या रेषेवर एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी. उभ्या रेषेवर वर हिरवा, खाली मॅजेन्टा, म्हणजे गडद गुलाबी. मध्यापासून प्रत्येक दिशेला नऊ घरं. हिरव्याच्या विरुद्ध मॅजेन्टा, म्हणून ट्यूबलाइटचा हिरवटपणा मारायला पोराने ठिपका सहा घरं खाली नेला होता. त्याचं काम बरोबर होतं, फक्त परत आणायचं राहिलं. कॅननमध्ये हा फेरफार कुठल्याही एका व्हाइट बॅलन्सपुरता नसतो, तो सगळ्यांच्या वर बसतो. ऑटो, डेलाइट, टंगस्टन काहीही लावलं तरी रंग गेला नाही, याचं कारण एवढंच होतं. त्या जाळीवर इन्फो बटण दाबलं की ठिपका मध्यावर येतो. साडेआठ हजारांचं बटण!

नुसत्या संशयावर कुणाला चोर म्हणायचं नाही असं मी ठरवलं, म्हणून पुरावा शोधला. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम आहे, फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती तो उघडून दाखवतो. भाच्याच्या कार्यक्रमापासून दुकानात जाईपर्यंतच्या प्रत्येक फोटोत हिरवा-मॅजेन्टा शिफ्टच्या ओळीत सहा घरं. दुकानातून परत आल्यावरच्या पहिल्या फोटोत शून्य. मग मी स्वतः ठिपका पुन्हा सहा घरं खाली नेला आणि त्याच खिडकीत, त्याच टॉवेलचा फोटो काढला. डिसेंबरचा टॉवेल आणि फेब्रुवारीचा टॉवेल शेजारी ठेवले. तोच गुलाबी.

तरीही सेन्सर बदलला नाही हे यातून सिद्ध होत नव्हतं. ते सिद्ध झालं मरीन ड्राइव्हमुळे. नोव्हेंबरात रात्री कठड्यावर कॅमेरा ठेवून दहा-दहा सेकंद शटर उघडं ठेवून काही फोटो काढले होते. शंभर टक्के मोठे करून बघितल्यावर काळ्या पाण्याच्या भागात, उजव्या कोपऱ्याजवळ, एक लालभडक टिंब दिसलं. त्याला हॉट पिक्सेल म्हणतात: सेन्सरमधलं एखादं पिक्सेल अंधारातही पेटलेलं राहतं. ते त्या सेन्सरचं जन्मखूण असल्यासारखं असतं, दुसऱ्या सेन्सरवर नेमकं त्याच जागी येणार नाही. मी लेन्सवर झाकण लावून, दहा सेकंद शटर उघडं ठेवून नवा फोटो काढला. टिंब तिथेच. आडव्या-उभ्या मोजणीत एका पिक्सेलचाही फरक नाही. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात माझाच जुना सेन्सर होता.

आता कुणी कॅमेरा घेऊन माझ्याकडे आलं की मी आधी विचारते, रंग नेमका कुठे दिसतोय? मोबाइलवर रात्रीचा डोळ्यांना सुखावणारा पिवळा उजेड चालू असेल तर सगळ्या जगाचे फोटो पिवळे दिसतात. मग खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात करड्या कार्डाचा फोटो, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. ऑटोवर नको, कारण समोर एकाच रंगाचा मोठा पट्टा असला, लाल शालू किंवा हिरवी भिंत, की ऑटो गोंधळतो. करडं कार्ड अशासाठी, की पांढऱ्या कागदात आणि साबणाने धुतलेल्या कपड्यात चकाकीची रसायनं असतात, त्यांनी पांढरा निळसर दिसतो. घरी तपासायला टॉवेलही चालतो, पण शेजारी मोबाइलनेही फोटो काढून ठेवा. त्यानंतर लेन्सवरचा फिल्टर काढून बघा. स्वस्त फिल्टर, विशेषतः फिरवून गडद करायचे, रंग ओढतात.

एवढं करूनही छटा राहिली तर मेनूतलं शिफ्ट बघा. कॅननमध्ये अधिक-उणेचं चिन्ह, निकॉनमध्ये व्हाइट बॅलन्सच्या शेजारी चांदणी. निकॉनमध्ये हा फेरफार प्रत्येक व्हाइट बॅलन्सला वेगळा लागतो, त्यामुळे डेलाइटवर खराब आणि क्लाउडीवर ठीक असंही होईल. शेवटी आपली सेटिंगं कागदावर लिहून घेऊन कॅमेरा पूर्ण रीसेट करा. दुकानात जायचं ते त्यानंतर.

हॉलमध्ये एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट, तिसरा बरा असं येत असेल, तर कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५०० सेकंदावर असलं की त्या चढउताराचा एखादाच तुकडा सापडतो. १/१०० किंवा १/५० वर आणलं की बहुतेकदा फोटो एकसारखे होतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला यालाच ‘मदरबोर्डचा प्रॉब्लेम’ सांगितलेला मी स्वतः ऐकलाय. सेन्सर खरंच गेला तर बहुतेकदा रेघा, पट्टे, एका बाजूचा डाग असं काहीतरी दिसतं. सगळ्या चौकटीवर सारखी, स्वच्छ छटा आली की आधी सेटिंग तपासा.

सेकंड हॅण्ड घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. इन्फ्रारेड फोटोंसाठी काही जण सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून घेतात. तसा कॅमेरा साधा म्हणून गळ्यात मारला तर फोटो लालसर येतात, काळं सिंथेटिक कापड मरून दिसतं, आणि कुठल्याही रीसेटने ते जात नाही. घेताना टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर दाबून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात बघा. साध्या कॅमेऱ्यात ठिपका मंद दिसतो. रिमोट टॉर्चसारखा झगमगला तर व्यवहार करू नका.

मी पुरावे छापून दुकानात गेले. आधी तो म्हणाला, ‘सेटिंगही होतं, सेन्सरही गेला होता.’ लाल टिंबाचे दोन फोटो पुढे ठेवल्यावर गप्प झाला. आतून मालक आले, तीन हजार परत देतो म्हणाले, पण ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. मी नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. सेवा देऊन बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे ‘बिल घेतलं नाही म्हणजे आता काही करता येत नाही’ असं समजून घरी बसू नका. माझ्याकडे आगाऊ रकमेचा मोबाइलवरचा व्यवहार आणि ‘सेन्सर चेंज झाला’ हा निरोप आहे. तुम्हीही रोखीने सगळं देऊ नका आणि काय बदललं ते लेखी मागा, निदान व्हॉट्सॲपवर.

हेल्पलाइनवरून दुकानाला विचारणा गेली, त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायचा आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. अर्ज लिहून तयार आहे. सोबत दोन टॉवेलांचे फोटो, दोन लाल टिंबं आणि त्या निरोपाची छापील प्रत जोडली आहे. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली आहे.