फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवायचाय: पेलेटचा की लाकडाचा?

मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायरकडे जुनं घर घेतलं की हॉलमध्ये विटांची फायरप्लेस बहुधा असतेच. पण उघडा जाळ बघायलाच छान. बरीचशी ऊब चिमणीतून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. म्हणून तिच्यात दार असलेली बंद लोखंडी शेगडी बसवतात, तिलाच इन्सर्ट म्हणतात. आम्ही चार हिवाळे लाकडाच्या इन्सर्टवर काढले, नंतर पेलेटचा घेतला.

पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या बारीक कांड्या. ४० पौंडांची बॅग येते, ५० बॅगांचा एक टन. कडाक्याच्या थंडीत आमच्याकडे दिवसाला एक बॅग सहज संपते. सकाळी टाकीत ओतायची, थर्मोस्टॅट लावायचा आणि कामाला लागायचं. लाकडाचं तसं नाही. फोडलेलं सरपण निदान वर्षभर, ओकचं तर दोन वर्षं, वाळवावं लागतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा आणि तो ओंडका फोडून आतल्या बाजूला मोजायचा. ओलं लाकूड धुमसतं, चिमणीत क्रिओसोटचा डांबरासारखा थर चढतो, आणि तोच पेटला तर घर धोक्यात येतं.

पेलेटची दुखरी नस म्हणजे वीज. कांड्या पुढे ढकलणारा स्क्रू आणि धूर बाहेर फेकणारा पंखा, दोन्ही विजेवर चालतात. वीज गेली की आग विझत जाते आणि थोडा धूर खोलीत येऊ शकतो. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात या भागातल्या लाखो घरांची वीज गेली होती, काही ठिकाणी ती दोन आठवड्यांनी आली. तुमच्या गल्लीत वीज वारंवार जात असेल आणि जनरेटर नसेल, तर मी लाकडाचाच इन्सर्ट घ्या म्हणेन.

बसवताना मात्र दोन्हींत हयगय नको. स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा धुराचा पाइप, चिमणीच्या टोकापर्यंत गेलाच पाहिजे. लाकडाला बहुधा ६ इंची लागतो, पेलेटला ३ किंवा ४ इंची. आमच्या पहिल्या फिटरने पेलेटच्या इन्सर्टला जेमतेम पाच-सहा फूट पाइप लावून वर मोकळं सोडलं होतं. दोन महिन्यांत चिमणीच्या कोनाड्यात राख साठली आणि हॉलमध्ये धुराचा वास येऊ लागला. सगळं उपसून पुन्हा करावं लागलं. पेलेटचा धूर पंख्याच्या दाबाने बाहेर जातो, त्यामुळे एकही सांधा सैल राहून चालत नाही. गावाचा परवाना, तपासनिसाची सही, विमा कंपनीला कळवणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांत काटकसर करू नका.

देखभालीचं म्हणाल, तर लाकडाचं मोठं काम वर्षातून एकदा, चिमणी साफ करणाऱ्याला बोलावून तपासून घेण्याचं. ते पेलेटलाही चुकत नाही, शिवाय दर आठवड्याचं काम असतंच. रविवारी इन्सर्ट पूर्ण गार झाला की मी दार उघडते. जळणाच्या कुंडीच्या तळाशी काचेसारखा कडक खडा बसलेला असतो. तो खरवडून काढला नाही तर हवेची भोकं बुजतात, पांढरट चपळ ज्योत नारिंगी आणि सुस्त होते, काच काळी पडते. राख जास्त असलेल्या स्वस्त पेलेटने हे दुप्पट वेगाने होतं. हंगाम संपला की धुराचा पंखा आणि आतल्या नळ्या उघडून साफ करायच्या. दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेने दोरी लावलेली असते. ती तपासायला दारात एक डॉलरची नोट अडकवून ओढून पाहते. सहज निघाली तर दोरी बदलायची.

राख कोणतीही असो, झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर दगडावर ठेवा, लाकडी डेकवर नको. तिच्यातला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. घरातला साधा व्हॅक्यूम तर तिला लावूच नका.

दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना आणि वयस्कर आईबाबा सोबत असणाऱ्यांना मी पेलेट सुचवते. ओंडके उचलायला नकोत, ऊब एकसारखी राहते. कोटेशन घ्याल तेव्हा लायनर टोकापर्यंत नेणार का आणि दरवर्षीच्या सफाईला हाच माणूस येणार का, हे दोन्ही लेखी मागून घ्या.