पाचशेचा मल्टिमीटर, सात महिन्यांनंतर

व्होल्ट-करंट मोजायचा हा मीटर मी जूनमध्ये घेतला तो रागाच्या भरात. गोव्यात रायबंदरच्या धक्क्याला चोडणची फेरीबोट लागली, पुढच्या गाड्या चढल्या आणि माझ्या अकरा वर्षांच्या गाडीने सेल्फ मारताच नुसती टकटकटक लावली. मागे स्कूटरवाल्यांचे हॉर्न, वर पाऊस. फेरीवरचा माणूस तिथूनच ओरडला, "पात्रांव, बॅटरी गेली!" चौघांनी ढकलून गाडी बाजूला लावली. दुसऱ्या दिवशी मुकाट नवी बॅटरी बसवली. पंधरा दिवसांत पुन्हा तीच टकटक.

मग मीटर आला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. चार-पाच प्रयत्नांनी इंजिन लागलं तेव्हा १४.१, म्हणजे चार्जिंगही ठीक. बायकोला चावी मारायला बसवलं. टकटक चालू असतानाही बॅटरी १२ च्या खाली जाईना. बॅटरी मेलेली असती तर आकडा दहाच्याही खाली कोसळला असता. शेवटी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं. चावी फिरवताच तीन व्होल्टच्या वर! म्हणजे एवढे व्होल्ट वाटेतच गळत होते; इथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली हिरवी-पांढरी होऊन कुजली होती. खारी हवा आणि आपला पाऊस, दुसरं काय. निगेटिव्ह सोडवून जागा पॉलिश पेपरने घासली, नवी पट्टी टाकली, वरून व्हॅसलीन. तेव्हापासून पहिल्या सेल्फला लागते. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती, तिचं दुःख अजून आहे.

गणेश चवथीला शेजारच्या काकांची गाडी अडली. तिचा आवाज वेगळा: एकच जड 'ठक', मग शांतता. सेल्फच्या मोटरपर्यंत व्होल्टेज पुरेपूर पोचत होतं, तरी मोटर हलेना. उघडल्यावर मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले निघाले. सेल्फ घुंऽऽ करून नुसताच फिरला आणि इंजिन हललंच नाही, तर सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, इंजिनच्या दातांत बसत नाही असं समजावं. तिथे मीटर काही सांगत नाही. इंजिन नीट फिरतंय आणि तरी लागत नाही, तिथे शोध पेट्रोल आणि स्पार्ककडे वळतो.

आता तक्रारी. स्क्रीनला दिवा नाही, त्यामुळे बॉनेटखाली टॉर्च दातांत धरावा लागतो. सोबतच्या वायरी कडक आणि आखूड. मी वेगळ्या घेतल्या. आणि एक चूक माझी: लाल वायर १० अँपियरच्या खोबणीत राहिली असताना बॅटरीला टोकं लावली. ठिणगी उडाली, टोक वितळलं. खोबणीशेजारी 'अनफ्यूज्ड', म्हणजे फ्यूज नाही, असं छापलेलं असतं, ते मी नंतर वाचलं. सेल्फ शंभर अँपियरच्या वर ओढतो, त्यामुळे तिथला करंट या मीटरने मोजायला जाऊच नका, फक्त व्होल्ट बघा.

सात महिन्यांत आतली ९ व्होल्टची बॅटरी एकदा बदलली, कारण बंद करायला विसरलो होतो. आकडे अजून बरोबर येतात का, तेवढं मात्र आज सांगू शकत नाही. काकांनी इन्व्हर्टर तपासायला म्हणून मीटर नेलाय, त्याला तीन आठवडे झाले.