क्लीव्हलँडच्या तीन निवडणुका: १८८४, १८८८ की १८९२, आधी कुठली वाचायची?

२०२४ ला ट्रम्प परत निवडून आले तेव्हापासून ग्रोव्हर क्लीव्हलँड हे नाव सारखं कानावर येतंय. मधे चार वर्षांचा गॅप पडून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेला पहिला माणूस, त्यामुळे अमेरिकेच्या यादीत बाविसावाही तोच आणि चोविसावाही तोच. लागोपाठ तीन निवडणुका लढला. बहुतेक लोक १८८४ पासून वाचायला घेतात, मी म्हणेन ८८ आधी घ्या.

मसाला हवा असेल तर ८४ ला तोड नाही हे मान्य. क्लीव्हलँड डेमोक्रॅट, न्यूयॉर्कचा गव्हर्नर, इमेज एकदम प्रामाणिक माणसाची, आणि ऐन प्रचारात बफेलोच्या पेपरात बातमी की मारिया हॅल्पिन नावाच्या बाईपासून त्याला मूल आहे. विरोधक रस्त्यावर ‘मा, मा, व्हेअर्स माय पा?’ ओरडत फिरायचे. समोरचा रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन तरी कुठे धुतल्या तांदळासारखा, रेल्वेवाल्यांशी देवाणघेवाणीची त्याची पत्रं बाहेर आली आणि त्यातल्या एकावर त्यानंच लिहिलेलं की हे जाळून टाक (असं लिहिलेलं पत्र कोणी जाळतं का कधी!). त्यात शेवटच्या आठवड्यात एक पाद्री ब्लेनच्या समोर बोलून गेला की डेमोक्रॅट म्हणजे दारू, रोमन कॅथलिक आणि बंडखोरी यांचा पक्ष, ब्लेन गप्प राहिला, आयरिश कॅथलिक भडकले, आणि न्यूयॉर्क राज्य जेमतेम हजार-अकराशे मतांनी हातचं गेलं, त्याबरोबर व्हाइट हाऊसही. वाचायला मजा येते पण धोरणाबिरणाचं फारसं काही हाती लागत नाही.

८८ मध्ये मात्र मुद्दा खरा आहे, टॅरिफ. डिसेंबर १८८७ चा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, द्यायचा अख्खा वार्षिक संदेश क्लीव्हलँडनं आयात कर कमी करा या एकाच विषयावर दिला, निवडणूक वर्षभरावर असताना! कारखानदार खवळले, पैसा रिपब्लिकन उमेदवार बेंजामिन हॅरिसनकडे वळला. इंडियाना राज्यात तर उघड लक्ष्मीदर्शन. तेव्हा मतपत्रिका सरकार नाही, पक्षच छापायचे, तिलाच तिकीट म्हणायचे, आणि कोणाच्या हातात कुठल्या पक्षाचं तिकीट आहे ते सगळ्यांना दिसायचं. रिपब्लिकन पक्षाच्या खजिनदार डडलीचं पत्र फुटलं, त्यात सूचना अशी की विकत मिळणाऱ्या मतदारांचे पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटावर पैसे घेऊन एक भरवशाचा माणूस नेमा, एकही निसटता कामा नये. आपल्याकडे वाचताना कोणाला नवल वाटणार नाही म्हणा.

निकाल बघा, क्लीव्हलँडला देशभरात जवळपास ९० हजार मतं जास्त आणि तरी इलेक्टोरल मतांत (प्रत्येक राज्याची ठरावीक मतं, बहुतेक करून तिथे जिंकेल त्याला सगळी) २३३ विरुद्ध १६८ असा हरला, न्यूयॉर्क आणि इंडियाना दोन्ही गेली. हे कळलं नाही तर तो परत का उभा राहिला तेच कळत नाही. बायको फ्रान्सिस व्हाइट हाऊस सोडताना नोकराला म्हणाली म्हणे, फर्निचर नीट सांभाळ, चार वर्षांनी आम्ही इथेच येणार आहोत.

९२ ला तेच दोघं पुन्हा समोरासमोर. निवडणूक म्हणून तिघींत सगळ्यात थंड. हॅरिसनची बायको मतदानाच्या दोन आठवडे आधी वारली, दोघांनीही प्रचार जवळजवळ केलाच नाही. पण बाकी खूप काही बदललेलं, बहुतेक राज्यांत गुप्त मतदान आलेलं, १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफमुळे (आयात कर वाढवणारा कायदा) महागाईची ओरड सुरू झालेली, आणि शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीच्या वीव्हरनं दहा लाखांवर मतं खाल्ली. क्लीव्हलँड २७७, हॅरिसन १४५, वीव्हर २२. शेतकरी आंदोलनात इंटरेस्ट असेल तर सरळ इथूनच सुरू करा, ८४ नाही वाचली तरी अडत नाही.

फक्त ९२ घेतली तर निकालापाशी थांबू नका. शपथ घेऊन दोन महिने होतात न होतात तोच १८९३ ची मंदी कोसळली, आणि जुलैत मित्राच्या यॉटवर गुपचूप क्लीव्हलँडच्या वरच्या जबड्याचा भाग कापून गाठ काढली, जागी रबराचा तुकडा बसवला. पेपरात बातमी आली तर साफ नाकारली, दातदुखीवर निभावून नेलं. खरं काय ते १९१७ ला ऑपरेशनमधल्याच एका डॉक्टरनं लिहिलं, तोवर क्लीव्हलँडला जाऊन नऊ वर्षं झाली होती.