नाशिकच्या अंबडमध्ये सस्पेन्शन सेट करून घेतलं, ५० किलोच्या आतल्या रायडर्सनी नक्की वाचा

माझं वजन ४९ किलो, हेल्मेट, बूट, आर्मर, पाण्याची बॅग सगळं धरून ५६ च्या आसपास जातं. गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो, पुढे २५० मिमी ट्रॅव्हल (चाक वरखाली होऊ शकतं ते अंतर), मागे २२०, सीट ८९१ मिमीवर. गाडी मला मनापासून आवडते, पण कुठल्याही कंपनीला एकच स्प्रिंग टाकून गाडी विकावी लागते आणि चालवणारा पन्नास किलोच्या आत असेल असं धरून कोणी स्प्रिंग टाकत नाही, त्यामुळे हलक्या माणसाला हे काम वेगळं करून घ्यावंच लागतं. नाशकात ते मोजूनमापून करून देणारं गॅरेज सापडलंय म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी त्रास काय होता ते सांगते. गिरणारे सोडून वाघेरा घाटाकडे निघालं की आजूबाजूला मुरूम आणि दगडगोट्यांचे भरपूर कच्चे रस्ते आहेत, तिथे गाडी खड्डा गिळायचीच नाही, दगड आला की मागचं चाक उडायचं आणि पुढचं हँडल मनगटाला झटका देऊन बाजूला जायचं. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या, नळीला टाय रॅप (प्लॅस्टिकची पट्टी, फोर्क किती दबला ते तिच्यावरून कळतं) बांधून ठेवलेला, दिवसभर चालवून बघितलं तरी २५० पैकी ८० मिमी ट्रॅव्हल वापराविनाच राहिलेलं. म्हणजे सस्पेन्शन आहे, पण माझ्या वजनाला ते दबतच नाही.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं तर त्यांनी मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग) पूर्ण लूज करून दिला, पाच मिनिटांत काम झालं, "आता सॉफ्ट झाली बघा" म्हणाले. बसल्यावर खरंच तसं वाटतं, गाडी जरा खाली जाते, पाय टेकतात. पण दगडावर गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न. प्रीलोडनं स्प्रिंग मऊ होत नाही हो, ती तेवढीच कडक राहते, फक्त ती कुठून दबायला लागते तेवढं बदलतं. हे मला अंबडच्या गॅरेजवाल्या दादांनी टेप लावून दाखवलं तेव्हा नीट डोक्यात शिरलं.

एमआयडीसीत आतल्या गल्लीत छोटी शेड आहे, बाहेर बोर्डसुद्धा नाही. दादांनी गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, राइडला घालता ते सगळं आणलंय का?" आणलेलं होतं, ते सगळं घालून बुटासकट वजनकाट्यावर उभं केलं. मग गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत, ॲक्सलपासून टेल पॅनलवरच्या चिकटपट्टीपर्यंत पहिलं माप. मग गाडी जमिनीवर, नुसती उभी, दुसरं माप. मग मी वर, एक पोरगा पुढून हँडल धरून, "पेगवर उभं राहून दोनदा दाबा आणि हळूच बसा", तिसरं माप. प्रत्येक माप दोनदा घेऊन खडूनं फरशीवर लिहिलं.

आकडे असे आले. प्रीलोड लूज केलेला असताना गाडी स्वतःच्या वजनानं ४२ मिमी दबत होती आणि मी बसल्यावर ७०. आता २२० ट्रॅव्हलचा साधारण एक तृतीयांश म्हणजे ७० च्या आसपास रायडर सॅग (माणूस बसल्यावर गाडी जेवढी दबते ते माप) ऑफरोडला बरोबर मानतात, त्यामुळे नुसता दुसरा आकडा बघितला तर सगळं ठीक वाटतं. पण दादांनी बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं. रायडर सॅग जागेवर आणायला प्रीलोड एवढा सोडावा लागला की गाडी रिकामीच ४२ नं बसतेय, याचाच अर्थ स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. मी बसल्यावर फक्त २८ मिमी फरक पडत होता. प्रीलोड कंपनीच्या जागेवर नेऊन परत मोजलं, २२ आणि ५०, फरक तोच २८. वजन जास्त असलेल्या माणसाचं याच्या उलट होतं, प्रीलोड टाइट करत जावं लागतं आणि रिकामी गाडी जवळपास दबतच नाही.

मग जुनी स्प्रिंग काढून प्रेसमध्ये ठेवली, खाली काटा, २५ मिमी दाबायला किती किलो लागतात ते बघितलं आणि त्यापेक्षा साधारण २० टक्के मऊ बनवून घ्यायचं ठरलं. नवीन आल्यावर तीसुद्धा माझ्यासमोर त्याच प्रेसमध्ये लावून दाखवली, मगच बसवली. हे मला फार आवडलं. आता ३२ आणि ६८.

पुढच्या फोर्कलाही तसंच, मऊ स्प्रिंगा, ऑईल बदललं आणि लेव्हल १० मिमी कमी ठेवली, म्हणजे वर हवेला जागा जास्त मिळते आणि शेवटचा टप्पा दगडासारखा कडक होत नाही. रिबाउंडवर (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग आवरणारी सेटिंग) त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मऊ स्प्रिंग परत ढकलते पण कमी जोरानं, त्यामुळे जुनाच रिबाउंड ठेवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी बसतच जाते. पाथर्डी फाट्याच्या पुढे मोकळ्या जागेत मला चालवायला लावलं, एकेक क्लिक सोडत, दर वेळी विचारत, "मागून लाथ मारते का बसून राहते?" शेवटी तीन क्लिक सोडून थांबलो. कॉम्प्रेशन (शॉक दबण्याचा वेग आवरणारी सेटिंग) तर नंतर एका क्लिकपलीकडे हलवावं लागलंच नाही.

त्यानंतर वाघेऱ्याकडचा तोच रस्ता, टाय रॅप फक्त २५ मिमी ट्रॅव्हल शिल्लक ठेवून थांबलेला. दगडावरून चाक जमिनीला चिकटून जातं, उतारावर पुढचा ब्रेक धरला तरी चाक उड्या मारत नाही, आणि संध्याकाळी मनगटं दुखत नाहीत. मला तर आता उभं राहून चालवायचा कंटाळाच येत नाही.

कमी काय आहे तेही सांगते. वेळ लागतो, स्प्रिंग बनून यायला थांबावं लागतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर नंबरच लागत नाही. फोन उचलत नाहीत, मेसेज टाका. सेटिंगचा कागद देत नाहीत, फरशीवरच्या खडूचा फोटो मीच काढून ठेवला, तेवढं सुधारायला हवं. खर्च एका चांगल्या हेल्मेटएवढा आला, मला तो पटला. आणि उंची कमी असेल तर याने सीट खाली येईल असं धरून जाऊ नका, सॅग जवळपास तेवढाच राहतो. मी विचारलं तर दादांनी गाडी खाली करायला साफ नकार दिला, सीटचा फोम कमी करून घ्या म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, ग्राउंड क्लिअरन्स घालवून काय करायचं.

डबलसीट फिरणार असाल तर आधीच सांगा, दोघांच्या वजनाला ही स्प्रिंग पुरणार नाही. माझी जुनी स्प्रिंग त्यांनी पुसून, नाव टाकून परत दिली, ती घरी ठेवलीय. जाताना टाकी अर्धी ठेवा, टायरची हवा नेहमी ठेवता तेवढीच ठेवा, आणि बूट घालूनच जा, चपलेवर गेलात तर मोजत नाहीत.