ॲम्बेसेडरचा मागचा ॲक्सल : मूळचा की जीपचा?
गाडीचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाके जोडणारा व फिरवणारा आडवा भाग, बदलायचा असेल आणि जालना-लातूरकडे भंगारात ॲम्बेसेडरचाच सुस्थितीतील ॲक्सल मिळाला, तर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक पाइप आणि प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून ॲक्सल फिरवणाऱ्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे जोडचकती, यांत फेरफार न करता तो बसतो. मात्र घेण्यापूर्वी डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा भाग) उघडून त्यातील क्राउन-पिनियन या गिअरजोडीच्या दातांना निळा रंग लावून फिरवावे. ठसा दाताच्या मध्यभागी उमटला पाहिजे. कडेला उमटल्यास गाडी गुणगुणणार हे नक्की.

जीपचा ॲक्सल दणकट खरा, परंतु त्यासाठी पाट्यांच्या बैठका कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागतात, त्या उष्णतेने ॲक्सलची नळी किंचित जरी वाकली तरी बेअरिंग आणि ऑइल सील लवकर जातात, शिवाय क्राउन-पिनियनच्या दातांचे गुणोत्तर बदलल्यास गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो.

2014 मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीसाठी माझी पसंती निःसंशय मूळ ॲक्सललाच आहे. तो नवी बेअरिंग, नवी सील आणि 90 नंबरचे हायपॉइड (अशा क्राउन-पिनियनसाठीचे) गिअर ऑइल घालूनच चढवावा.