पाच अँटेनांचा दिशाशोधक संच : नाशिकच्या गच्चीवरील आठ महिन्यांचा अनुभव

गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले आठ महिने पाच अँटेनांचा एक संच वर्तुळात उभा आहे. खालच्या पेटीत एकाच क्लॉकवर (ठोके देणाऱ्या सामाईक घड्याळावर) चालणारे, आरटीएल२८३२यू चिपचे पाच रिसीव्हर आहेत आणि सगळे गणित रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक करतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना असल्यामुळे काम मुख्यतः १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांपुरते आहे. तिथे शिरलेला नको तो सिग्नल कुठून येतो, हे तो चालू असतानाच कळावे, यासाठी मी हा संच घेतला.

‘चालू असतानाच’ या दोन शब्दांतच खरी अडचण आहे. प्रत्येक रिसीव्हर सेकंदाला सिग्नलचे २४ लाख नमुने देतो आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा असतो. म्हणजे पाचांचे मिळून सेकंदाला २.४ कोटी बाइट येतात. पहिला महिनाभर मी या सगळ्या ओघावर सतत दिशा काढत राहिलो. दुपारच्या उन्हात पायचे तापमान ८० अंशांवर जाऊन त्याचा वेग आपोआप घटे, पडद्यावरचे चित्र काही सेकंद मागे पडे आणि हँडसेटवरून कोणी दोनच सेकंद बोलले, तर दिशा दिसेपर्यंत तो सिग्नल नाहीसा झालेला असे.

मग मी गणिताचा क्रम बदलला. आता पहारा एकाच रिसीव्हरवर असतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ऊर्जा आहे हे दाखवणारे १०२४ बिंदूंचे वर्णपट-विश्लेषण सरळ सूत्राने करायचे, तर १०,४८,५७६ गुणाकार लागतात. जलद फूरिए पद्धतीने ते ५,१२० मध्ये होते. एखाद्या फ्रिक्वेन्सीवरील ऊर्जा गोंगाटाच्या पातळीपेक्षा ठरावीक प्रमाणात वर आली, तरच पाचही रिसीव्हरांतून तेवढाच १२.५ किलोहर्ट्झचा पट्टा कापून घ्यायचा. त्यामुळे पुढे जाणारे नमुने १९२ पटींनी घटतात. कोणत्या दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी कसे जुळतात हे मांडणाऱ्या, पाच अँटेनांच्या परस्परसंबंधाच्या तक्त्यात २५ घरे असली, तरी कर्णाच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून मिळतात, म्हणून १५ घरे मोजली की पुरते. दिशा काढण्यासाठी राल्फ श्मिट यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘म्युझिक’ ही पद्धत वापरतो. मात्र ३६० अंश एकेक करून तपासण्याऐवजी आधी पाच-पाच अंशांनी ७२ दिशा पाहतो आणि शिखराभोवती तेवढे बारकाईने शोधतो. या बदलांनंतर सिग्नल उमटताच दिशा दिसू लागली आणि पायही थंड राहिला.

सर्वांत जास्त शिकवले ते केबलींनी. लहर एका अँटेनाच्या तुलनेत दुसरीवर किती मागेपुढे असते, म्हणजे तिची फेज, यावरूनच दिशा निघते. रिसीव्हरांमधील फेजचा फरक पेटीतला नॉइज सोर्स, म्हणजे पाचांनाही एकच गोंगाट पुरवणारा भाग, वापरून दुरुस्त होतो. पेटीबाहेरच्या केबलींचा फरक त्या भागाला कळत नाही. साध्या कोअॅक्स केबलमध्ये ४३५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते, त्यामुळे एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे आठ अंशांची फेज. माझी एक केबल तीन सेंटिमीटर लांब निघाली. वर्तुळात शेजारच्या अँटेना ३० सेंटिमीटरवर असताना तेवढ्याने काही दिशांना कोन चार अंशांपर्यंत सरकतो, आणि दोन किलोमीटरवर त्याचे १४० मीटर होतात. पाचही केबली एकत्र पसरून, मोजून, त्यांची टोके पुन्हा क्रिम्प केली (कनेक्टर दाबून बसवले) तेव्हा कुठे कोनांवर विश्वास बसला.

दिवाळीच्या सुमारास दिवेलागणीला १४५ मेगाहर्ट्झभोवती गोंगाट चढू लागला. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी दोन मीटरच्या थोडी वर असल्याने ३० सेंटिमीटरची मांडणी फार आखूड पडते, म्हणून अँटेना ८० सेंटिमीटरवर नेल्या. एक रेषा आमच्या गच्चीवरून मिळाली. दुसरीसाठी संच महात्मानगरच्या मित्राच्या गच्चीवर मांडला. दोन्ही रेषा कॉलेज रोडच्या एका सोसायटीपाशी छेदल्या. हँडसेट घेऊन जिन्याखाली उभा राहिलो आणि तिथल्या एलईडी माळेचा ड्रायव्हर बंद करायला सांगितले, त्याच क्षणी खरखर थांबली. सेक्रेटरी काकांनी तो ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी बदलून घेतला.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. फ्रिक्वेन्सी बदलली की रिसीव्हरांची फेज पुन्हा विस्कटते आणि नव्याने कॅलिब्रेशन (फेजची जुळणी) करावे लागते, त्यामुळे मोठ्या पट्ट्यावर भराभर फिरणे या संचाला जमत नाही. नमुने आठ बिटांचे असल्याने जवळच्या एफएम केंद्रांचा जोरदार सिग्नल क्षीण सिग्नलांना झाकून टाकतो. एफएम अडवणारे फिल्टर पाचही तारांवर लावणे मला भाग पडले. उंच इमारतींवरून परावर्तित होऊन आलेला तोच सिग्नल ‘म्युझिक’ला गोंधळात टाकतो, कारण दोन्ही लहरी परस्परांशी निगडित असतात. सरळ रेषेतील अँटेनांवर यासाठी करतात ती सरासरी वर्तुळाकार मांडणीवर थेट लागू होत नाही. म्हणून कोन दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिला, तरच मी त्याची नोंद करतो.

एका संचाने फक्त दिशा मिळते, जागा मिळत नाही. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी वायरलेसची गर्दी होईल, तेव्हा दर वेळी संच उचलून नेणे शक्य होणार नाही. म्हणून दुसऱ्या संचासाठी पंचवटीत रामकुंडाच्या बाजूला उघडी गच्ची पाहून ठेवली आहे आणि तिथल्या पाच केबली या खेपेस आधी मोजून, मगच कापल्या आहेत.