पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरसाठी जेटची निवड : इंजिन बांधल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

माझ्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ सीसीचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधताना तीन गोष्टींवर वेगळा खर्च केला : सोलेक्स ३२ पीबीआयसी कार्ब्युरेटरचे ओव्हरहॉल किट, निरनिराळ्या मापांच्या पितळी जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यांचा) एक संच आणि एक्झॉस्टच्या पुढच्या पाइपात बसवायचे, धुरावरून हवा-पेट्रोलचे मिश्रण दाखवणारे वाइडबँड लॅम्बडा मीटर. पुण्यातली रोजची वाहतूक, महाबळेश्वरच्या वाटेवरच्या पसरणी घाटाची चढण आणि अलिबागचा किनारा अशा तिन्ही ठिकाणी गाडी पुरेशी चालवून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की मीटर नसेल तर जेटचा संच घेण्यात फारसा अर्थ नाही.

बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा केला म्हणजे मेन जेटही मोठा घालावा लागतो, असे बहुतेक गॅरेजमध्ये सांगतात. मूळ बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिलिमीटर असलेल्या या इंजिनात ०.४ मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन घातला, तर क्षमता सुमारे १,१०२ सीसी होते, म्हणजे वाढ जेमतेम सव्वा टक्का. शिवाय व्हेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) जितकी हवा जाईल त्या मानाने कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतो, त्यामुळे हवा किंचित वाढली की पेट्रोलही आपोआप वाढते. व्हेंच्युरी, कॅम किंवा एअर फिल्टर बदलला असेल तर गोष्ट वेगळी, परंतु नुसत्या बोअरिंगसाठी जेटला हात लावण्याचे कारण नाही.

जेट बदलावा लागला तो पेट्रोलमुळे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते, आणि २० टक्क्यांच्या मिश्रणासाठी हा आकडा सुमारे १३.५ येतो. याचा अर्थ तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे, आणि जुन्या मापाचा जेट ते देऊ शकत नाही. माझ्या कार्ब्युरेटरमध्ये १२० क्रमांकाचा मेन जेट होता. सोलेक्सचे हे क्रमांक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात, तेव्हा १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचे छिद्र. या जेटवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर लॅम्बडा ०.९५ च्या आसपास राहत असे (१ म्हणजे जेमतेम पुरेल इतके पेट्रोल, त्याहून आकडा लहान तितके पेट्रोल जास्त). गाडी ओढायची, पण पूर्ण लोडवर नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी हे मिश्रण मला फार कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, वाटले. १२५ घातल्यावर आकडा ०.८८ वर आला. छिद्राच्या क्षेत्रफळाचा हिशेबही तेच सांगतो, कारण १२० वरून १२५ वर गेल्यास क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. १३० लावून पाहिला तेव्हा गाडी जड झाली आणि मागे धूर दिसू लागला. १२५ वर मी थांबलो आहे.

येथे मीटरविषयी एक सूचना करावीशी वाटते. बहुतेक मीटरांवर हवा-इंधनाचे गुणोत्तर दाखवण्याची सोय असते, पण तो आकडा शुद्ध पेट्रोल धरून काढलेला असल्यामुळे इथेनॉलच्या मिश्रणाला तो लागू पडत नाही. मीटर लॅम्बडावरच ठेवावे, कारण इंधन कोणतेही असले तरी पूर्ण ज्वलनाचा बिंदू १ हाच राहतो. सेन्सर बसवताना तो आडवा किंवा खालच्या अंगाला न ठेवता पाइपाच्या वरच्या बाजूने तिरपा बसवावा, म्हणजे थंड पाइपात साचलेले पाणी त्याच्यावर येत नाही. प्लगचा बदामी रंग पाहून मिश्रण ओळखणारे मिस्त्री अजूनही आहेत आणि त्यांच्या नजरेचा मला आदर आहे, पण या इंधनावर माझे प्लग योग्य मिश्रणातही बरेच पांढरट दिसतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबणे आता कठीण झाले आहे.

शहरात गाडी चालवताना मात्र मेन जेटचा प्रश्न फारसा येतच नाही. सिग्नलवरून निघताना, ३०-४० च्या वेगात रांगताना इंजिन पायलट जेट आणि थ्रॉटलच्या कडेच्या बारीक छिद्रांवर चालते. गाडी त्या वेळी झटका देत असेल आणि मिस्त्री मेन जेट बदलत असेल, तर त्याला थांबवावे. माझ्याकडे ४५ चा पायलट होता. मिक्श्चर स्क्रू तीन आट्यांहून जास्त उघडल्याशिवाय आयडलिंग स्थिर होत नव्हते, आणि पायलट लहान पडत असल्याची ही नेहमीची खूण आहे. ५० चा पायलट घातल्यावर स्क्रू पावणेदोन आट्यांवर आला आणि दुसऱ्या गिअरमधले अडखळणे थांबले. पायलटच्या बाबतीत पाच अंकांचा फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो, कारण ४५ वरून ५० वर जाताना क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.

उंचीचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच दिसला. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा बारा टक्के विरळ असल्याने कार्ब्युरेटर सहा-सात टक्के अधिक श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, मिश्रण देतो. पुण्यात ०.८८ दाखवणारे मीटर पसरणीच्या माथ्यापुढे ०.८५ कडे झुकते, तर अलिबागला ०.९० दाखवते. दोन्ही आकडे चालण्यासारखे असल्याने घाटासाठी वेगळा जेट बाळगण्याची गरज मला वाटली नाही.

संचाच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार आहे. पिन गेजने मापल्यावर १२५ आणि १२७.५ असे छापलेले दोन जेट एकाच मापाचे निघाले, आणि एकाच्या तोंडाशी पितळेची कूस (छिद्र पाडताना राहिलेला बारीक काटा) राहिली होती. जेटमधून किती इंधन जाईल हे केवळ छिद्रावर नव्हे, तर तोंडाच्या उतारावरही ठरते, म्हणून अशी कूस हलक्यात घेऊ नये. जुन्या बाजारातल्या जेटची तर आणखी वेगळी तऱ्हा असते. अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून झाळून बारीक केलेले, किंवा तारेने साफ करता करता मोठे झालेले जेट मी पाहिले आहेत. जेट साफ करायचा तर कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढेच वापरावे.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की पायलट जेटमध्ये पांढरी भुकटी साचते, हे आता मी गृहीत धरले आहे. किटमधील पंपाचा डायफ्रॅम अजून मऊ आहे, पण जुने रबरी होज फुगलेले आढळल्याने सर्व बदलले. उन्हाळ्यात तापलेली गाडी दहा मिनिटे उभी केल्यावर सुरू होताना जो त्रास देते, तो फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतले) पेट्रोल तापून उकळल्यामुळे, आणि त्यावर कोणत्याही जेटचा उपाय चालत नाही. तिथे कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटरच घालावा लागेल.

खरेदी करणाऱ्याने पूर्ण संच घेण्याऐवजी मूळ मेन जेट, त्यापुढचे दोन आकार आणि दोन पायलट एवढेच मापून घ्यावेत, त्याआधी फ्लोटची पातळी, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग नीट करून घ्यावे, आणि उरलेले पैसे मीटरकडे वळवावेत. मीटर विकत घेणे परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून एक घ्यावे. पाइपाला नट वेल्ड करून ठेवला की सेन्सर एका गाडीतून काढून दुसरीत बसवायला फार वेळ लागत नाही, आणि काम झाल्यावर त्या जागी बोल्ट लावून ती बंद करता येते.